चौथ्या मतदारसंघातलं एक मत

एल्क ग्रोव्ह, आयोवा

प्रिय इंगाताई,

धाकट्या ऑर्विनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? माझा उत्तम आहे. (डॉक्टर नाही म्हणतो, पण तो विरुद्ध पक्षाचा.)

दोन वर्षं पत्र लिहिलं नाही, कारण मी रुसलो होतो. बावीस वर्षं आपण दर निवडणुकीला चर्चच्या तळघरात मतदारयादीच्या एकाच टेबलावर बसलो, आणि तू खुशाल उठून लेकीकडे, चौथ्या मतदारसंघात राहायला गेलीस. मी निरोपालाही आलो नाही. चूक माझीच होती.

यंदा तुझ्या खुर्चीत डेलोरिस बसली होती. (ॲपल-पाय बनवते, पण तुझ्यासारखा नाही. ओलसर.) माझं मत द्यायची वेळ आली तेव्हा वॉशिंग्टनला पाठवायच्या दोन्ही उमेदवारांची नावं वाचून मला जांभई आली. मतपत्रिकेवर खाली आपल्या मनातलं नाव लिहायला रिकामी ओळ असतेच; तिथं मी तुझं नाव लिहून टाकलं. मतदान संपल्यावर अशी हातानं लिहिलेली नावं मोठ्यानं वाचतात, हे बावीस वर्षं तेच काम करूनही मी साफ विसरलो होतो. डेलोरिसनं वाचलं, "इंगा मोलर, एक." सगळं तळघर माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, मतदान गुप्त असतं. तर ती म्हणाली, "गुप्तच आहे रे. पण यादी गेली बावीस वर्षं याच अक्षरात आहे." मग तिनं न विचारता मला ॲपल-पायचा दुसरा तुकडा वाढला, आणि मी तो खाल्ला.

आता पेपरात चारही मतदारसंघांचे निकाल आलेत. पहिल्यात आणि दुसऱ्यात आपले आले, आमच्या तिसऱ्यात आपला माणूस थोडक्यात पडला, तुमच्या चौथ्यात नेहमीप्रमाणे त्यांचंच राज्य. तिसऱ्याच्या तळाशी बारीक अक्षरात फुटबॉलच्या प्रशिक्षकाला एकोणीस मतं, बेकरीतल्या मांजराला चार आणि तुला एक. वाईट वाटून घेऊ नकोस. मांजर इथंच राहतं.

तुझा भाऊ,
ऑर्विन

ता. क. चौथ्याचीही बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचली. 'ऑर्विन ट्वेट, एक.' त्या अख्ख्या मतदारसंघात मला ओळखणारं माणूस एकच आहे, ताई.

ता. क. २. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ये. आपण दोघंही सपाटून पडलोय. निदान जेवायला तरी एका टेबलावर बसू. ॲपल-पाय तू कर.