समुद्रगायीच्या कानाची हाडं

मानाग्वा

बाबा,

ओर्फाचा नमस्कार. मी मजेत आहे, फक्त इथे आपल्यासारखं केळी कुस्करून केलेलं दाट वाबुल प्यायला मिळत नाही. आईचा खोकला कसा आहे?

आपल्या खाडीत मेलेल्या समुद्रगायीची हाडं इथल्या प्रयोगशाळेत मीच धुऊन जुळवली. ती हत्तीची नातलग, असं आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई सांगतात. वल्ह्यासारख्या हातात आत पाच बोटं आहेत, अगदी माझ्यासारखी. बाईंनी तिला तिथे खाडीवर कापलं तेव्हा नाकात चपटे जंत निघाले होते, आठवतं? शिंका त्यांच्यामुळेच येतात म्हणे. समुद्रगाय शिंकली की गेलेलं माणूस हाक मारतं, हे तुमचं बोलणं सांगितलं तर बाई हसल्या. मीही हसले.

पण कोरड्या हाडांत जंत कुठून असणार? तरी दुपारी सगळे जेवायला गेले की कपाटातून शिंक येते. आपल्या रीतीप्रमाणे मी हाकेला ओ देते, "आहोत गं, इथेच आहोत." ती पुन्हा शिंकते. तिला ऐकूच येत नसेल. तिच्या कानाची दोन्ही हाडं तुम्ही काढून घेतलीत आणि दृष्ट लागू नये म्हणून दादाच्या लेकीच्या, एल्मीराच्या गळ्यात बांधलीत.

काळजी करू नका. तेवढी हाडं खाडीत सोडून द्या. आणि दुपारच्या वेळी एल्मीरा, कुणी बोललं नसताना, मान वळवून बघते का, ते कळवा.

सगळ्यांची आठवण काढणारी,
तुमची ओर्फा