आमिश पंगत, हौगांग

शनिवार, ७ जून. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. (मोठी झाल्यावर लिहितात की लिहून मोठी होतात, हे एकदा बघायला हवं. नंतर.)

परिस्थिती: मुक्काम सिंगापुरात, हौगांगला अनघाताईच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या सोफ्यावर. व्हिजिट पास महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर बाबांच्या म्हणण्याप्रमाणे सांगलीला परत आणि आमच्या मंगल कार्यालयात रुजू. माझ्या म्हणण्याप्रमाणे हे होणार नाही. मी दुसरीत होतो तेव्हापासून त्या कार्यालयात मीठ वाढलंय. शाळा संपेपर्यंत मीठ. मग कोशिंबीर. जिलबीपर्यंत बाबांनी कधी पोचूच दिलं नाही. म्हणून तर बाहेर पडलो. जग पाहिलं: गोवा, हिमाचल, बँकॉक (विमान बदलताना).

संकल्प: परत जायच्या तारखेआधी इथेच काहीतरी मोठं करणे.

त्याच दिवशी. दुपार.
सुचलं!!

यूट्यूबवर खेकडे कसे सोलतात ते बघत होतो, त्यातून अमेरिकेतल्या आमिश लोकांवर गेलो. धार्मिक, साधी माणसं. गाडी नाही, घोडागाडी. घरात विजेची तार नाही. पण त्यांच्या गावांत घरगुती जेवणाची हॉटेलं! एक लांबच लांब टेबल, अनोळखी माणसं शेजारी शेजारी, आणि मध्ये मोठे वाडगे. तळलेली कोंबडी, कुस्करलेला बटाटा, नूडल्स. आपण घ्यायचं आणि वाडगा शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. बस. लोक तासन्‌तास गाडी हाकून तिथे जेवायला जातात.

यात मला काय दिसलं? वाढपीच नाही! असं कार्यालय, जिथे कुणालाच मीठ वाढावं लागत नाही. बाबांचा अख्खा धंदा एका वाडग्यात खलास.

सिंगापुरात आमिश पद्धतीने मराठी जेवण. माझ्या आधी कुणाला सुचलं नाही. का सुचलं नसेल? लोक विचारच करत नाहीत.

रविवार, ८ जून.
ताईला सांगितलं. ती म्हणाली, छान आहे, आधी सोफ्यावरची चादर घडी कर. भाची अवनी म्हणाली, मामा, यू डोन्ट नो हाऊ टू कुक, राइट? सांगितलं की मी संकल्पना बघणार. ती म्हणाली, संकल्पना कॅन ईट, मेह? आठ वर्षांच्या मुलीला या विषयातलं काय कळतं.

यशोधनभाऊजींनी मात्र नीट ऐकून घेतलं. ते चांगी बिझनेस पार्कात एका बँकेत. त्यांचे सीनियर शैलेंद्र सर यांना म्हणे बऱ्याच दिवसांपासून मराठी जेवणाचं हॉटेल काढायचंय. भाऊजी म्हणाले, पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत, तुझा पास फिरायला आलेल्याचा आहे. सरांना घरी जेवायला बोलावू. आवडलं तर ते रीतसर पास, नोकरी काय ते बघतील आणि तुझ्या बाबांशी मी बोलेन. नाही आवडलं तर तीस तारखेचं विमान, आणि वाटेत तोंड वाकडं करायचं नाही. कबूल?

तत्काळ कबूल. तोंड वाकडं करायची वेळच येणार नाही.

बुधवार, ११ जून.
अभ्यास. आमिश लोकांचे एकूण तीन व्हिडिओ पाहिले (तिसरा अर्धा, मग घोड्यांच्या नालांवर गेलो). आता या विषयात सिंगापुरात माझ्याइतकं कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

नियम ठरवले. वीज नाही, म्हणजे एसी नाही, पंखा नाही. मोबाइल दाराशी कुकरमध्ये जमा. यजमान धावपळ करणार नाही, सगळ्यांबरोबर बसणार. कुणी वाढणार नाही. हा शेवटचा नियम मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावला. ताईने त्यावर दुधाचा हिशेब लिहिला.

शनिवार, १४ जून.
मेणबत्त्या आणायला बाहेर पडलो. खाली ब्लॉकजवळ चिनी अंकल लोक पक्ष्यांचे पिंजरे टांगून गाणी ऐकत बसले होते. एका अंकलनी विचारलं, फर्स्ट टाइम? हो म्हटलं. बसलो. एक पक्षी गातच नव्हता. अंकल म्हणाले, ही शाय, लाह. लाजतो म्हणे. तो गाईपर्यंत थांबायचं ठरवलं. गायला नाही. दुकान बंद झालं.

मेणबत्त्या उद्या.

गुरुवार, १९ जून.
मेणबत्त्या आणल्या (ताईने).

टेबलाचा प्रश्न. लांबच लांब हवं. ताईचं डायनिंग टेबल चौघांचं. त्याला अवनीचं स्टडी टेबल जोडलं, त्याला इस्त्रीचा बोर्ड. तिन्हींची उंची वेगळी. वर एकच बेडशीट घातल्यावर कोकणातल्या घाटासारखं दिसतं. भाऊजी म्हणाले, सारंग, हे हलतंय. म्हटलं, आमिश सुतारकाम असंच असतं. (तपासून पाहिलं पाहिजे.)

शनिवार, २१ जून. सकाळ.
आज! साडेबाराला पाहुणे. सर, त्यांच्या पत्नी राधिकावहिनी, साताऱ्याहून आलेल्या सरांच्या आई आणि इथल्याच क्वीन्सटाउनहून रोहन-अश्लेषा, हे भाऊजींचे मित्र. आम्ही घरचे धरून नऊ. ताई पाचला उठून स्वयंपाकाला लागली: मसालेभात, भरली वांगी, आमटी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, श्रीखंड. मी मार्गदर्शन केलं. तिने दोनदा मला बाहेर घालवलं.

बाबांना मेसेज केला: आज इतिहास घडतोय. त्यांचं उत्तर: मीठ विसरू नको. त्यांना दुसरं काही सुचतच नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळ.
शांतपणे लिहितो.

पडदे ओढले, मेणबत्त्या लावल्या, पंखा बंद. भरदुपार. रोहन घाम पुसत म्हणाला, कुणी गेलंय का? अश्लेषाने त्याला कोपराने ढोसलं. मोबाइल कुकरमध्ये गेले. सर जरा कुरकुरले, आज ते बँकेच्या ड्युटीवर, सिस्टिम पडली तर फोन येतो. म्हटलं, सर, आमिश लोकांची सिस्टिम पडत नाही. हसले. सुरुवात उत्तम.

मी उभा राहून छोटं भाषण केलं, बसलो आणि भरल्या वांग्यांचा वाडगा सरांच्या आईंच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, आधी तुम्ही घ्या. राधिकावहिनींना दिला. वहिनी म्हणाल्या, छे, आधी पाहुणे. रोहनला दिला. रोहन म्हणाला, आम्ही कसले पाहुणे, सर आधी. सर म्हणाले, मी घेतो नंतर, पोरांना द्या. अवनी म्हणाली, आय डोन्ट ईट ब्रिंजल. वाडगा पूर्ण फेरी मारून माझ्याकडे आला. भरलेला. एक वांगंसुद्धा हललं नव्हतं.

आमटीचंही तेच. मसालेभाताचंही तेच. व्हिडिओत असं नव्हतं.

शेवटी ताईने डोळे वटारले तेव्हा सगळ्यांनी थोडं थोडं घेतलं आणि जेवायला लागले. मग खरा प्रॉब्लेम. सगळ्यांचे उजवे हात खरकटे. खरकटा हात वाडग्याला लावायचा नाही, चमच्यालाही नाही. आणि डाव्या हाताने मोठ्या माणसाला अन्न कसं द्यायचं? अश्लेषाने आमटी दोन मनगटांत धरून पुढे सरकवली. ती इस्त्रीच्या बोर्डावर जाऊन थांबली. तिच्यापर्यंत जाण्याचं धाडस कुणी केलं नाही. मसालेभात त्या टोकाला, पुऱ्या या टोकाला, माणसं मधे. प्रत्येक जण म्हणत होता, नको नको, झालंच माझं. ताटं कोरडी. आमिश लोक काट्या-चमच्याने जेवतात हे तिन्ही व्हिडिओंत स्वच्छ दिसत होतं. मला घोडे दिसले.

मी नियमाप्रमाणे बसून होतो. भाऊजी माझ्याकडे बघत होते. मला त्यांच्या चष्म्यात तीस तारीख दिसली.

तेवढ्यात सरांच्या आई म्हणाल्या, अरे बाळा, बसलायस काय, ऊठ की. कुणीतरी वाढा बाबा, माणसं उपाशी उठतील.

उठलो. फक्त परिस्थिती सावरायला. पण एकदा पळी हातात आल्यावर काय झालं कळलं नाही. वाकून भात, वर तूप, आमटी भाताच्या मध्ये खळगा करून. पुरी गरम, एकेकच, पण लगेच परत. नको म्हणणाऱ्याचा ताटावर धरलेला हात बघायचा: बोटं घट्ट मिटलेली असली तर खरंच नको, बोटांत फट असली तर अर्धी चालेल. सरांच्या बोटांत चांगली खिडकी होती. तीन वेळा श्रीखंड घेतलं. रोहन म्हणाला, अरे हा बघतो कुठून? हे मला कुणी शिकवलेलं नाही. (बाबा म्हणायचे. पण ते शिकवणं नव्हे, ओरडणं.)

अवनीने पडदे उघडले, पंखा लावला. आईंनी ढेकर दिला आणि म्हणाल्या, लग्नात जेवल्यासारखं वाटलं. मग कुकर वाजायला लागला. सरांची सिस्टिम पडली होती. ते कुकर पोटाशी धरून बाल्कनीत गेले.

जाताना सर माझा हात धरून म्हणाले, सारंग, हॉटेलची आयडिया राहू दे. चालायची नाही. पण गणपतीत आमच्याकडे दीडशे पान असतं. तेव्हा इथे असशील तर वाढायला ये.

म्हणजे आंतरराष्ट्रीय पातळीवर मागणी आली.

रविवार, २२ जून.
भाऊजींना म्हटलं, सरांना जेवण आवडलं, म्हणजे आपण जिंकलो. भाऊजी म्हणाले, जेवण आवडलं, आमिश नाही. तीस तारखेचं बुकिंग झालंय. मी तोंड वाकडं केलं नाही. थोडंच.

ताईने स्वतःचा मोबाइल कुकरमध्ये टाकलाच नव्हता; माझ्या वाढण्याचा व्हिडिओ काढून बाबांना पाठवला होता. तिला बोलायला हवं. बाबांनी तो म्हणे आचाऱ्याला दाखवला, मांडववाल्याला दाखवला. मग मला फोन. घसा खाकरला. म्हणाले, पुरी बरी फिरवतोस. आणि मग: मीठ कुठाय? एकाही ताटात मीठ नाही.

सगळा व्हिडिओ परत पाहिला. नाही.

सोमवार, ३० जून. विमानतळ.
हार नाही. ही माघार आहे, तीही विचारपूर्वक. अंकलना भेटून आलो. पक्षी आज गात होता. मी बसलो तेव्हा गप्प.

संकल्प: कार्यालयात जायचं, पण सल्लागार म्हणून.

शुक्रवार, ४ जुलै. सांगली.
बाबांशी वाटाघाटी. जिलबी मागितली. ते म्हणाले, बघू. कोशिंबिरीवर यायची तयारी दाखवली. म्हणाले, ती चुलतभावाकडे आहे.

पहिल्या पंगतीला मीठ. पण विचार केला, ताटात सगळ्यात आधी मीठ पडतं. म्हणजे पंगतीची सुरुवात मीच करतो. एका परीने सगळी संकल्पना माझ्याच हातात आहे.

एवढं लिहीपर्यंत मांडवातून बाबांची हाक. पानं मांडून झालीत. माणसं बसलीत. मीठवाला कुठे मेलाय?