वर आल्यानंतरची तीस सेकंदं

प्रिय दिवीना,

या पाकिटात आणखी एक घडी घातलेला कागद आहे. तो आधी उघडू नकोस. पत्र वाचून झालं की बघ.

आईचे गुडघे दुखतात, बाकी ती बरी आहे. तू हाँगकाँगहून पाठवलेलं मलम ती स्वतःला कमी आणि शेजारणींना जास्त लावते. तिने फोनवर सांगितलंच असेल की तुझ्या थोरल्या दिराला एक्कावन्नाव्या वर्षी वेड लागलंय, शाळा सुटली की काळा रबरी पोशाख चढवून समुद्रात जातो. ते खरं आहे.

ईस्टरला तू म्हणाली होतीस, "मानोय, तुम्ही तरी माझ्या मायलीनला समजवा. समुद्राने या घरातला एक, तिचा बाप, नेला, तेवढा पुरे." पोरीला पाठीवर हवेची टाकी न लावता, एका श्वासावर बुडी मारायला शिकायचंय. किनाऱ्यावरच्या शाळेत पहिली परीक्षा पास झाली तर पुढे तिथेच कामही मिळेल. समजावतो म्हणून मी कबूल केलं खरं, पण तिथे काय शिकवतात हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून आधी स्वतःचंच नाव घातलं.

शिकवणारी आयमी, धक्क्याजवळच्या भाजीवालीची मुलगी. चौथीत माझ्या वर्गात होती, पाढे चुकवायची. पहिल्या दिवशी सहा मीटरवर माझे कान असे ठणकले की मी दोर सोडून वर पळालो. ती म्हणाली, "सर, घाई करणाऱ्याचं गणित चुकतं, असं तुम्हीच सांगायचात ना? नाक धरा, हळू जोर लावा. कान उघडले नाहीत तर परत फिरा. परत फिरला म्हणून कुणी नापास होत नाही." बरोबर शिकणारी पोरं हसली. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

परीक्षा अशी: पाण्यात तोंड घालून निश्चल पडायचं आणि दोन मिनिटं श्वास रोखायचा. एका दमात चाळीस मीटर पोहायचं. दोराच्या कडेने बारा मीटर खाली जाऊन यायचं. शिवाय लेखी पेपर. श्वास रोखला की थोड्या वेळाने छाती आपोआप हिसके देऊ लागते. तेव्हा आपल्या आर्नेलचा चेहरा समोर येऊ नये म्हणून मी सतराचा पाढा म्हणत असे. बुडीआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, हे ऐकलं तेव्हा वहीत लिहिता लिहिता माझा हात थांबला. बाबांनी आम्हा भावांना उलटंच शिकवलं होतं: उन्हातल्या कुत्र्यासारख्या धापा टाका आणि मग उडी घ्या. त्याने हवा वाढत नाही, फक्त धोक्याची जाणीव उशिरा होते. आर्नेल शेवटपर्यंत तसंच करायचा.

पण या सगळ्याहून कठीण भाग वेगळाच आहे. जोडीदाराशिवाय बुडी मारायची नाही. एक खाली, एक वर. खालचा वर आला की वरच्याचं खरं काम सुरू होतं. माणसाची शुद्ध पुष्कळदा वर आल्यावर जाते, एखादा श्वास घेतल्यावर, अगदी हसता बोलताना. म्हणून तीस सेकंदं त्याच्या ओठांवरून नजर काढायची नाही. मी चुकलो की आयमी ओरडायची, "सर, दोराकडे काय बघताय? दोर बेशुद्ध पडत नाही!"

शेवटच्या दिवशी ती बेशुद्धीचं सोंग घेऊन खाली पडून राहिली. मी बुडी मारून तिचं तोंड हाताने बंद धरलं, तिला वर आणलं, डोळ्यांवरची काच काढली. मग गालावर फुंकर घालायची, थापटायचं आणि नावाने हाक मारायची असते. मी हाक मारली ती "आर्नेल" अशी. एकदाच नाही. माझ्या हाका संपेपर्यंत आयमी डोळे मिटून माझ्या हातावर तशीच पडून राहिली. मग म्हणाली, "सर, पास."

दिवीना, सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की आर्नेल खाली गेला तो वर आलाच नाही. तो आला होता. आपल्या होडीवर रीतच होती, बुडी मारणारा वर आला की आधी मासा बघायचा. होडीला तोल देणाऱ्या उलांडीच्या लाकडावर कोपर टेकून त्याने हातभर लांब लापुलापु वर धरला आणि म्हणाला, "मानोय, दिवीनाला सांग, कढई मोठी काढ!" मी मासा घेतला. त्यातून भाल्याचं टोक सोडवलं, डोक्यात दांडकं घातलं. तो बर्फाच्या पेटीत मावेना, म्हणून शेपटी दुमडली. पाठमोराच म्हणालो, "कढई कशाला, आंघोळीचं घंगाळच काढायला सांगतो." तो हसला नाही, म्हणून वळून बघितलं. उलांडीजवळ कुणी नव्हतं. कमरेला बांधलेल्या शिशाच्या वजनाने त्याला खाली नेलं होतं. मी उडी मारली, पण तेव्हा मला चार मीटरही जाता येत नव्हतं.

संध्याकाळी तू पेटी उघडून विचारलंस, "हा कधीचा?" मी म्हणालो, "सकाळचा. पहिल्या बुडीतला." त्याच्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला आलेल्यांनी तो खाल्ला. मीही खाल्ला.

हे फोनवर मला बोलता आलं नसतं. आणि आता गप्पही राहवत नाही, कारण गेल्या महिन्यात मी मायलीनला खडकांपाशी बघितलं. एकटी होती. आर्नेलची काच डोळ्यांवर लावून, उडी घेण्याआधी त्याच्यासारख्याच धापा टाकत होती. मी रागावलो तर तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. ती सतरा वर्षांची आहे, आईच्या सहीशिवाय बुडीच्या शाळेत तिला घेत नाहीत. घडी घातलेला कागद तोच आहे. सही करायची की नाही, ते तू ठरव. खाली जोडीदाराच्या नावाची ओळ आहे. मायलीन म्हणते, "काका, तुमचंच लिहा की, पास झालात ना!" मी ती ओळ कोरी ठेवली आहे. हे सगळं वाचून झाल्यावर तिथे कुणाचं नाव घालायचं, ते तू लिही.

तुझा थोरला दीर,
मानोय फिलो