बाल्कनीच्या दाराविषयी, फक्त संहिताताईसाठी

विजय नगर, इंदूर
(तुमच्याच घरातून)
बुधवार

प्रिय संहिताताईस,

धनेशचा वाकून नमस्कार. विक्रांतजिजाजींनाही सांग. छोटीचं अजून नाव ठेवलेलं नाही, त्यामुळे तिला आशीर्वाद कसा लिहावा ते ठरत नव्हतं. 'सुखी राहा' एवढंच लिहितो, ते कोणत्याही नावाला चालेल. तुझी पाठ दुखायची थांबली असेल, डिंकाचे लाडू पोटात जात असतील (तो डिंक मीच सियागंजातून आणला होता, खडे निवडून) आणि रात्रीची नाही तरी दुपारची झोप मिळत असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत ठीक आहे. म्हणजे ताप वगैरे नाही.

पत्र कसलं लिहितोस, फोन कर की, असं तू म्हणशील. ताई, फोन करून झाला. तुझा फोन मावशी उचलते, कारण बाळंतिणीने फोन कानाला लावू नये. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर काका चष्मा लावून वाचतात आणि तुझ्या नावाने उत्तरही देतात (गेल्या आठवड्यातलं 'ठीक आहे, लगे रहो' हे उत्तर तुझं नव्हतं, हे मला उशिरा कळलं). म्हणून हे पाकीट समोरच्या फ्लॅटमधल्या अनीशभियांच्या हाती देतो आहे. ते ऑफिसच्या कामाने तुमच्या बेंगळुरूला निघालेत आणि रविवारी परत येतील. पाकीट फक्त ताईच्या हातात द्या, असं बजावल्यावर ते म्हणाले, "इत्ती सीक्रेट क्या बात है भिया, किसी लड़की का चक्कर है क्या?" मी म्हटलं, दाराचं आहे. त्यावर ते हसले नाहीत. दाराशी त्यांचाही संबंध येऊन गेलेला आहे, तो पुढे सांगतो.

मुळापासून लिहितो, म्हणजे तुला मागचं-पुढचं जुळवत बसायला नको. डॉक्टरांनी तुला बाळंतपणासाठी इकडे माहेरी यायला प्रवास नको म्हटलं आणि मावशी-काका घाईघाईने तुझ्याकडे निघाले, तेव्हा टॅक्सीत बसता बसता काकांनी किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाले, बाल्कनीचं सरकतं दार हल्ली लॉक होत नाही, कुणी मेकॅनिक बोलावून करून घे, आणि तोवर घर सोडू नकोस. मावशी आतून म्हणाली, "दोन-चार दिवसांचंच तर काम आहे रे." ही गोष्ट नवरात्रातली. आता दिवाळी होऊन गेली. आई गौतमपुऱ्याला वाट बघत राहिली. पाडव्याला तिथे हिंगोटांचं युद्ध होतं, दारू भरलेली हिंगोटाची फळं पेटवून एकमेकांवर फेकतात, लांबून लांबून लोक बघायला येतात आणि आमच्या गच्चीवरून ते फुकट दिसतं. मी मात्र इथे सोफ्यावर बसून एका बंद न होणाऱ्या काचेकडे बघत होतो. आईने फराळ बसने पाठवला. चकल्यांचा भुगा झाला होता, पण चव चांगली होती.

तुला वाटेल, एवढं काय, दार लोटून घ्यायचं आणि जायचं. तुमचं घर पहिल्या मजल्यावर आहे, ताई, आणि बाल्कनीच्या बरोबर खाली पार्किंगचं पत्र्याचं छप्पर आहे. मागच्या गल्लीत अशाच छपरावरून चढून कुणाच्या तरी घरातून गॅसची टाकीसुद्धा नेली. शिवाय माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी माझ्या भाड्याच्या खोलीला कुलूप लावतो, ओढून बघतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येऊन ओढून बघतो. काकांनी एवढ्या नात्यागोत्यातून मला निवडलं ते याच गुणासाठी, असा आता संशय येतो.

पहिला उपाय अनीशभियांनी केला. दार बघून म्हणाले, "कुछ नहीं भिया, प्यासा है," आणि घरून खोबरेल तेलाची बाटली आणून खालच्या रुळात ओतली. त्याने दार लॉक तर झालं नाहीच, पण इतकं सुरेख सरकायला लागलं की वाऱ्याने आपलं आपण उघडू लागलं. सोसायटीतल्या भुऱ्या मांजरीला हे माझ्याआधी कळलं. ती पंजाने दार सरकवून आत येते, सोफ्यावर बसते आणि मीच कुठून आलो अशा नजरेने माझ्याकडे बघते. मग मी स्वयंपाकघरातलं लाटणं रुळात आडवं ठेवलं. आतली काच अडली. बाहेरची काच बाहेरच्या रुळावर असते, ती बाहेरून उघडली. मग दिवाण ओढून दाराला लावला. तरीही बाहेरची काच उघडली, आता आत येणाऱ्याला टेकायला दिवाण होता एवढंच (मांजर दुसऱ्या दिवसापासून सोफा सोडून त्यावर बसू लागली).

दुसरा उपाय म्हणजे मोबाइलवरून बोलावलेला मेकॅनिक. त्याने दाराचे फोटो काढले, स्वतःचाही एक काढला आणि म्हणाला, पूरा लॉक ही बदल दो सर. बदललं. नवं लॉक दिसायला फार छान आहे, चकचकीत, मूठही जाड. दार बंद केल्यावर त्याचा आकडा चौकटीतल्या खाचेत अडकायला हवा; पण तो खाचेच्या जरा वर जाऊन चौकटीवर आपटतो, पूर्वीसारखाच, फक्त आता नव्या आवाजात. मेकॅनिक बाल्कनीत गेला, खाली वाकून बघितलं, वर बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "सर, बिल्डिंग बैठ गई है." इमारतीला त्याच्याकडे इलाज नव्हता. तो गेला.

आता मुख्य गोष्ट. खाचेत कचरा असेल म्हणून मी टॉर्च मारून बघितलं, तर आत काहीतरी लाल दिसलं. चिमट्याने ओढलं. लाल कापडात बांधलेली, हळदकुंकू लावलेली सुपारी. कापड मावशीच्या जुन्या इरकली साडीचं, काठावरून ओळखलं. मी मावशीला फोन केला. आधी ती इकडचं तिकडचं बोलली, मग काका ऐकत असावेत, कारण "थांब हं, दूध उतू जातंय" म्हणून कुठेतरी गेली आणि दार लावल्याचा आवाज आला (तुमच्याकडची दारं लागतात). मग कुजबुजत म्हणाली, "अरे, ती काढू नकोस. गुरुजींनी दिलीय. बाळ आपल्या घरी येईपर्यंत हलवायची नाही. आणि तुझ्या काकांना बोललास तर माझी धडगत नाही, जन्मभर हसतील." मी सुपारी होती तशी खाचेत ठेवली.

पण सुपारी अडवणार ती खाचेत शिरलेल्या आकड्याला, आणि आकडा तर खाचेत न शिरता वरच आपटत होता. म्हणजे दोष आणखी कुठेतरी होता. मी जुना टूथब्रश घेतला, दिवसभर बसून खालच्या रुळातलं अनीशभियांचं तेल आणि त्यावर साचलेली धूळ काढली, आणि अगदी टोकाला, दार बंद झाल्यावर चाक येऊन थांबतं तिथे, चिकटवलेली तांब्याची पट्टी मिळाली. चाक तिच्यावर चढतं, दार उचललं जातं, आकडा वर जातो. मावशीला विचारावं तर ती तांब्याचं काही बोलली नव्हती. मग पट्टीच्या कडेला तो पिवळा चिकट पदार्थ दिसला, जो वीज मंडळातून रिटायर झाल्यावरही काका घरात सगळीकडे लावतात. काकांना फोन केला. ते बोलायला तुमच्या तिकडच्या बाल्कनीत गेले. ज्या काकांनी मावशीच्या प्रत्येक उपासाला "करंटला चतुर्थी कळत नाही" असं ऐकवलं, ते मला म्हणाले, "धनेश, तो अंधविश्वास नाही. तांबं सुवाहक असतं. नैऋत्येचं दार आहे. बाळ घरी आल्यावर काढू. मावशीला सांगू नकोस, ती उगाच देवभोळेपणा समजेल."

ताई, मला हसू आलं होतं, पण ते टिकलं नाही. बाळासाठी तुझी औषधं चालू होती त्या वर्षांत मी इथे जेवायला यायचो, तेव्हा दोघं क्रिकेटवर बोलायचे, भाजीवर बोलायचे, तुझा विषय एकमेकांसमोर काढायचे नाहीत. मला वाटायचं, सवय झाली असेल. त्यांनी तेव्हा एकेकट्याने जाऊन एकाच दारात हे करून ठेवलं. त्यानंतर तुझी गोड बातमी आली. आता मावशीला वाटतं ती सुपारीने आली आणि काकांना वाटतं ती तांब्याने आली, आणि तुझ्या डॉक्टरीणबाईंचं नाव कुणीच घेत नाही.

यात माझी अवस्था अशी की रोज संध्याकाळी दोघं मिळून स्पीकरवर फोन करतात. "काय रे, झालं का दार?" काका विचारतात. "कसले मेकॅनिक मिळतात हल्ली," मावशी म्हणते. "एकालाही काम येत नाही," काका म्हणतात. दोघांनाही कारण माहीत आहे. मला दोन्ही माहीत आहेत. मी म्हणतो, बघतो. दोघांनी मला एकमेकांना सांगायची बंदी केली आहे. तुला सांगायची बंदी कुणीच केलेली नाही. मी दोन्ही बोलणी शब्दशः आठवून खात्री केली, मगच लिहायला बसलो.

माझ्या कामाचंही कळवतो. सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात खोके छापतात आणि छापण्याआधी त्यावरचं अक्षर न् अक्षर तपासणं हे माझं काम. बारावी अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला दुसरं कुणी असं काम दिलं नसतं. इतके दिवस आमच्या शलाका मॅडम नमुने फोनवर पाठवत होत्या, मी इथे बसून ते बोटांनी ताणून वाचत होतो. पण आता मॅडमनी निरोप दिला आहे: सोमवारपासून मला कायम करणार, मात्र सोमवारी सकाळी प्रत्यक्ष हजर पाहिजे, "दरवाज़े वाली छुट्टी" यापुढे नाही. नाहीतर ती जागा दुसऱ्या मुलाला जाईल. त्यांचं चूक नाही. मी एका दारासाठी घरी बसतो, हे त्यांनी वरच्या साहेबांना दोनदा समजावून पाहिलं, साहेबांना दोन्ही वेळा कळलं नाही.

आणि मावशी म्हणते, इंदूरची थंडी बाळाला सोसायची नाही, येऊ ते रंगपंचमीनंतर.

असो. तुला या दिवसांत काळजी द्यायची नव्हती आणि मी काही मागतही नाही. घरातलं सगळं व्यवस्थित आहे. तुळस हिरवी आहे. फक्त कुणाला तरी माहीत असावं म्हणून लिहिलं. जिजाजींना आणि छोटीला पुन्हा एकदा सांग.

तुझा
धनेश

ता. क. : मागत नाही असं वर लिहिलं, पण एक आहे. गुरुजींचा नंबर अनीशभियांकडे निघाला. मी स्वतः फोन केला. गुरुजींना दोघंही आठवतात, पट्टीही त्यांनीच दिलेली. दोघं वेगवेगळे आले होते आणि दोघांनीही घरी सांगू नका म्हणून विनवलं होतं. मी सोमवारची अडचण सांगितली. त्यांनी बराच विचार करून सांगितलं की बाळाचं पाऊल नाही तर बाळाच्या अंगावरचं झबलं त्या दारातून आत आलं तरी चालतं, मग दोन्ही वस्तू काढायला हरकत नाही. हरकत नाही एवढंच ते नंतर मावशीला आणि काकांना कळवतील, वेगवेगळं. तरी छोटीचं एक झबलं अनीशभियांकडे दे. रविवारी ते आले की मी बाल्कनीत उभा राहून ते आत घेईन.

आणखी एक ता. क. : तू म्हणशील, वेड्या, झबल्याची वाट कशाला बघतोस, गुपचूप काढून टाक, कुणाला कळणार आहे. ताई, आज सकाळी काढून पाहिलं. पट्टी काढली, सुपारी काढली, दार सरकवलं आणि 'खट्' असा आवाज झाला. मी ओढून बघितलं. परत ओढून बघितलं. लागलं होतं. एवढा चांगला आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. डबा भरला, बूट घातले, जिन्यापर्यंत गेलो, आणि मावशीचा फोन आला की छोटीला उचकी लागलीय, थांबतच नाही, तिकडे सगळं ठीक आहे ना? मी बूट न काढता आत आलो (हे मावशीला सांगू नकोस), पट्टी जागेवर बसवली, सुपारी खाचेत घातली आणि मग फोन केला. मावशी म्हणाली, अरे, उचकी ती, तुझ्याशी बोलत होते तेव्हाच थांबली. म्हणजे दोन्ही वस्तू माझ्या खिशात होत्या तेव्हाच. हे मला कळतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी दार आत्ता उघडं आहे आणि मी त्याला पाठ टेकून हे लिहितो आहे. मांजर शेजारी बसली आहे.

शेवटचं : झबलं धुऊ नकोस, गुरुजींनी मुद्दाम सांगितलं आहे. मावशीने ते कुठे गेलं म्हणून विचारलं तर वाऱ्याने उडालं म्हण. बाल्कनीचं दार नीट लागलं नव्हतं, असं सांग. दोघांनाही लगेच पटेल.