कालच्यासारखंच पाणी

४ मार्च
आले एकदाची. लेक बसस्टँडवर घ्यायला आली होती आणि तिच्या कडेवर आमचं गठुडं. आठ महिन्यांची नात. आजीचं तोंड बघून तिने असं भोकाड पसरलं की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. लेक ओशाळली, मला मात्र बरं वाटलं. रडणाऱ्या मुलाची काळजी नसते.

घर दुसऱ्या मजल्यावर, लहानसं पण उजेडाचं. गठुड्याच्या मानेच्या वळीत नाक खुपसून पाहिलं. दुधाचा आंबूस वास, थोडी पावडर, आणि सगळ्यांच्या खाली तिचा स्वतःचा, ऊन लागलेल्या लोकरीसारखा. लेक एवढीशी होती तेव्हा तिच्या मानेला हाच वास यायचा. हे गमतीने म्हणायचे की, तुला देवाने माणसाच्या जन्माला घातलं, पण नाक चुकून कुत्र्याचं लावलं. आज हे असते तर नातीचाही वास घ्यायला लावला असता मी त्यांना.

घरून पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एक वाटेत संपली, दुसरी फडताळात ठेवली. जावईबापू म्हणाले, आई, नदीला येताना घागर भरून आणलीत की. खरंच, इथलं पाणी छान आहे. थंड, किंचित गोडसर. गिळल्यावर जिभेवर ओल्या पाटीसारखं काहीतरी राहतं. मला एकदम पहिलीचा वर्ग आठवला आणि फळा पुसणाऱ्या बाई.

७ मार्च
नोकरी लागली. या वयात. जावईबापू शहराच्या पाणीखात्यात आहेत, त्यांनीच शब्द टाकला. काम पाणी चाखायचं. सगळं आयुष्य बिस्किटांच्या कारखान्यात चव-वासाच्या विभागात काढलं, तेव्हा जीभ गंजायला नको म्हणून हो म्हटलं. सकाळी दोन तास, तेवढा वेळ गठुड्याला लेक बघते.

तिथले साहेब मऊ बोलणारे आहेत. त्यांना बाहेरगावचंच माणूस हवं होतं. इथल्यांच्या जिभा सरावल्यात म्हणाले. आधीच्या बाईंचं काय झालं असं विचारलं, तर त्या रुळल्या म्हणाले.

१० मार्च
काम मजेचं आहे. येण्याआधी चहा नाही, अत्तर नाही, वासाचा साबण नाही. पांढरी खोली. पुढ्यात तीन झाकलेले पेले. दोन पेल्यांत एकच पाणी, तिसऱ्यात वेगळं. वेगळं कुठलं ते ओळखायचं. कोणालाच ओळखता आलं नाही तर पाणी पास, मग ते शहराला सुटतं.

माझ्या शेजारी एक गोऱ्या, गोल बाई बसतात. मनातल्या मनात मी त्यांचं नाव कोमटबाई ठेवलंय, कारण त्यांना कशाचंच गरम-थंड नाही. इथे किती वर्षं आहात विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, पाणी प्या हो, सांगते. सांगितलं नाहीच.

आज तिन्ही पेले मला सारखेच लागले. साहेब खूश.

१४ मार्च
रोज सारखेच लागतात. म्हणून आज विचारलं, ते एकाच पाण्याचे दोन पेले येतात कुठून? कालच्या पाण्याचे, साहेब म्हणाले. आजचं पाणी कालच्यापेक्षा वेगळं नसलं की झालं. आणि काल चांगलं होतं कशावरून? कारण ते परवाच्यासारखं होतं.

मला हसूच आलं. आमच्या कारखान्यात पहिल्या घाण्याचा एक डबा सील करून गार खोलीत ठेवलेला असायचा. कितीही वर्षं गेली तरी ताजा घाणा त्याच्याशीच ताडून बघायचा. नाहीतर रोज चिमूटभर मीठ जास्त पडलं तरी कळायचं नाही, आणि एक दिवस बिस्किटाऐवजी मिठाचा खडा गिऱ्हाइकाच्या हातात. तुमच्याकडे असं पहिलं पाणी नाही का ठेवलेलं, असं विचारलं. साहेब म्हणाले, होतं. पण कोणाला तरी तहान लागली.

सगळे हसले. मीही.

१८ मार्च
गठुडं शहाणं झालंय. रडतच नाही. लेक म्हणते, आजीचा हातगुण. पण दूध अर्धं टाकते, भाताची पेज थुंकते, आणि पाण्याची बाटली दिसली की दोन्ही हात पसरते. एवढ्याशा पोरीला एवढं पाणी देऊ नये. लेकीला सांगितलं तर म्हणाली, काल पण एवढंच प्यायली होती.

जावईबापू आज नळ सोडून त्याच्यापुढे नुसते उभे होते. हाक मारली तर म्हणाले, ऐकतोय. काय, ते नाही सांगितलं.

२१ मार्च
आज गठुड्याला उचललं आणि आतून पाणी हलल्याचा आवाज आला. अर्धी भरलेली कळशी कमरेवर घेतली की येतो, तसा. मला वाटलं पोटात गॅस असेल. पुन्हा हलवलं. पुन्हा तोच आवाज. तिचे हात गार. बोटांची टोकं सुरकुतलेली, फार वेळ टबात ठेवल्यासारखी. लेकीचीही तशीच. तिला दाखवलं तर स्वतःच्या बोटांकडे बघून म्हणाली, माझी नेहमीच अशी असतात. माझ्या लेकीची बोटं मला माहीत नाहीत का.

डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण आणि गोड स्वभावाचे. पोरीला तपासलं, मागच्या वेळेसारखीच आहे म्हणाले, आणि आम्हा दोघींना पाणी दिलं.

मानेच्या वळीत नाक खुपसलं. कशाचाच वास नाही.

२२ मार्च
फडताळातली बाटली आठवली. दुपारी घरात कोणी नसताना दोन पेले मांडले, एकात आमच्या घरचं पाणी आणि दुसऱ्यात इथलं. आधी घरचं. साधं, हलकं, आलं आणि गेलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, अंगणातली बादली दिसली.

मग नळाचं.

ते पाणी नाही. कसं लिहू? ते जड आहे. घशाखाली उतरायची त्याला घाई नाही. ते जिभेला धरून राहतं आणि चाखतं. आजवर हजारो वस्तू मी चाखल्या, कुठल्या वस्तूने मला चाखलं नव्हतं. आणि गेले अठरा दिवस मी हे घटाघटा पितेय.

तशीच साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, एकटीच्या जिभेवर काही ठरत नाही, उद्या तुमची बाटली घेऊन या, सगळे मिळून चाखू. भला माणूस. उद्या सगळ्यांना कळेल.

२३ मार्च
बाटली काढून पिशवीत घातली. खोलीत पेले भरले. सगळ्यांनी चाखलं. सारखंच, सगळे म्हणाले. मी चाखलं. सारखंच होतं.

घरी येऊन लेकीला विचारलं. ती म्हणाली, आई, ते पाणी शिळं झालं होतं ग. ओतलं आणि ताजं भरून ठेवलं तुझ्यासाठी.

किती मायेने म्हणाली.

२४ मार्च
कामावर गेले नाही. दुकानातून सीलबंद बाटल्या आणल्या. तीच चव. दुकानदार म्हणाला, मावशी, इथल्याच पाण्याने भरतात, बाहेरचं कोण पिणार.

उकळून पाहिलं. उकळलं की आणखी जड होतं.

काल रात्रीपासून मी थेंब घेतलेला नाही. जीभ टाळ्याला चिकटली आहे. गठुडं माझ्याकडे बघतं. पापणी हलत नाही.

२५ मार्च
पोरीला इथून न्यायचं. दुसरा विचार नाही. माझ्या बहिणीकडे, चार दिवस, मग पुढचं पुढे. लेकीला सांगायला छाती होईना. आठ महिन्यांचं पोर आईपासून तोडायचं, ती भांडेल, रडेल, माझी उलटतपासणी घेईल. सगळी उत्तरं तयार करून स्वयंपाकघरात गेले.

ती नळाशी उभी होती. पोरीला मावशीकडे नेते म्हटलं. वळलीसुद्धा नाही. ने म्हणाली.

मी म्हटलं, अगं, ती राहील का तुझ्याशिवाय?

म्हणाली, परत आणशीलच.

तिच्या केसांवरून हात फिरवला. ओले होते. न्हाली नव्हती.

मी आज पाणी प्याले. एकच पेला. अंगात त्राण नसेल तर पोरीला उचलणार कशी — म्हणून. फक्त म्हणून.

२६ मार्च, सकाळ
बसमध्ये. अक्षर हलतंय. बरोबर पाणी घेतलेलं नाही, मुद्दामच. शहराची शेवटची टाकी मागे गेली. पोरगी मांडीवर दगडासारखी.

नंतर
रडली. रडली माझी बाय. पहिल्या दिवसासारखं भोकाड. सगळी बस वैतागली आणि मी हसतेय, डोळे पुसतेय. पुढच्या सीटवरचे काका म्हणाले, आजी, तुम्ही वेड्या आहात का. म्हटलं, आहे. रड, सोन्या. रडून सगळं बाहेर काढ.

दुपार
रडणं थांबत नाही. ओठ फुटलेत. इतक्या लवकर ओठ फुटतात का — सुरकुत्या बोटांवरून मनगटापर्यंत गेल्या. कंडक्टरने स्वतःची बाटली दिली. त्याच्या गावचं पाणी, विहिरीचं. चमचाभर पाजलं.

थुंकली. पुन्हा पाजलं. ओकली, निळी पडली.

मी चाखून पाहिलं. गंज. राख. सडलेलं काहीतरी. घशाखाली जाईना. कंडक्टरवर ओरडले. तो बिचारा माझ्यासमोर घटाघट प्यायला, म्हणाला, मावशी, चांगलं आहे हो. गोड आहे.

मला माहीत आहे ते चांगलं आहे. माझीच जीभ —

आता
फाट्यावर उतरलो. हॉटेलवाल्याने माठातलं दिलं. तेही तसंच. दूध तसंच. शहाळं फोडून दिलं त्याने, तेही —

पोरगी रडत नाही आता. आवाजच राहिला नाही. हलकी झालीये, फार हलकी, कापडासारखी. माझ्या हातांकडे बघवत नाही.

बहिणीच्या गावाची गाडी रस्त्याच्या या बाजूला थांबते. अजून दोन तास. दोन तास टिकणार नाही ती.

रस्ता ओलांडला. नुसती सावलीसाठी. समोरच्या बाजूला सावली आहे.

शहराकडे जाणारी गाडी दिसतेय. लांब आहे अजून. तिने मान वळवली, गाडीकडे. हात पसरले. दोन्ही हात. किती दिवसांनी हसली ग —

एकदाच पाजीन. ओठ ओले होण्यापुरतं. जिवंत तर राहील. मग लगेच, उतरल्या पावली, दुसऱ्या गाडीने तिला घेऊन मी