शिवणबाईंच्या बॉयलरचे बूच

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, अविवाहित, धंदा नळ आणि बॉयलर दुरुस्तीचा, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि कुणी भरीस घातले म्हणून मी हे लिहीत नाही. याआधी तीन जानेवारीला मी एक मृत्युपत्र लिहिले होते. ते रद्द समजावे. त्याच्या पाचव्या कलमात मी लिहिले होते की, शिवणबाईंच्या बॉयलरच्या झडपेला बूच माझ्या वडिलांनी लावले. ते चूक आहे. बूच मी लावले. 'चूक' म्हणणेही बरोबर नाही, कारण लिहिताना मला ते माहीत होते.

हे सगळे लिहायचे कारण माझे ऑपरेशन. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टरीणबाई चित्र काढून समजावत होत्या, तेव्हा मी म्हटले, "म्हणजे पाणी उलटं येतंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडे रोजचंच आहे. पण आम्ही आधी मेन कॉक बंद करतो."

"आम्हीही तेच करणार आहोत," त्या म्हणाल्या. त्यानंतर मी विनोद केला नाही.

१. राहत्या दोन खोल्यांतला माझा हिस्सा आईला. तिच्यानंतर धाकट्या भावाला. भावाने खोल्या विकू नयेत असे मी म्हणत नाही, पण घेणाऱ्याला पुढील गोष्टी सांगाव्यात. मोरीतल्या नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आहे, ती सोडू नये. स्वयंपाकघरातल्या कॉकला दांडा म्हणून चमचा बसवला आहे, तो डावीकडे फिरवला की उघडतो. पुढच्या खोलीतली गरम पाण्याची नळी थंडीत ठकठक करते. ती बिघडलेली नाही. तिच्यातली हवा काढावी, चावी खिडकीच्या खिळ्याला आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले त्या आठवड्यात ती फार वाजत होती आणि कुणीच हवा काढली नाही.

२. बँकेत आहे ते आईला. ऑपरेशनचा खर्च त्यातून आधीच बाजूला काढला आहे.

३. हत्यारे आतेबहिणीला. दोन वर्षे ती माझ्याबरोबर काम करते आणि माझ्यापेक्षा कमी घाबरते. मोठा पाना, ज्याच्या मुठीला बाबांनी दोरा गुंडाळला आहे, तोही तिलाच. मी आकडे शाळेत शिकले नाही. बाबा जमिनीवर पाने मांडायचे आणि म्हणायचे, "बारा नंबर दे. हा चौदा. परत बघ." शाळेत गेले तेव्हा मला बारा आणि चौदा येत होते, एक-दोन-तीन येत नव्हते. आतेबहिणीने तो दोरा बदलू नये.

४. आटे पाडायचे यंत्र काकाला. पहिल्या मृत्युपत्रात मी लिहिले होते, 'काकाला काहीही देऊ नये, एक वॉशरसुद्धा.' ते रागाने लिहिले होते. यंत्र बाबांनी आणि त्याने मिळून घेतले होते, त्यामुळे तो माझ्या देण्या न देण्याचा प्रश्नच नाही. राग मात्र खरा आहे. पाचव्या कलमातल्या प्रकारानंतर तो गिऱ्हाइकांना सांगत फिरला, "दादाच्या हाताचा आता भरवसा नाही हो. मीच येत जातो." ते बूच त्यानेही हातात घेऊन पाहिले होते. त्याला कळले नसेल असे मला वाटत नाही. पण तो जितकी वर्षे गप्प राहिला, तितकीच मीही राहिले. म्हणून हा राग मला पुरता धरता येत नाही.

५. आता ते कलम.

अकरा वर्षांपूर्वी, मी सोळाची असताना, मागच्या गल्लीतल्या शिवणबाईंचा निरोप आला की बॉयलरची झडप गळते आहे. बाबा दुसऱ्या कामावर होते. ते म्हणाले, "नुसतं बघून ये. हात लावू नकोस. ती झडप गळत नसते, आतला जास्तीचा दाब सोडत असते. उद्या मी बघतो."

मी गेले. बाई यंत्रावर वाकून बसल्या होत्या. "अगं, दिवसभर टपटप, टपटप! कापडावर लक्ष लागेल तर शपथ. तुझ्याच्याने होतंय का बघ, नाहीतर बापाला पाठव."

नाहीतर बापाला पाठव, हे मला लागले. पिशवीत पितळी बूच होते. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून मी ते झडपेच्या तोंडात घट्ट बसवले. टपटप थांबली. बाई म्हणाल्या, "बापापेक्षा लेक हुशार!" घरी येऊन मी सांगितले की झाले, वॉशर खराब होता. बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि ते गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बॉयलर फुटला. बाईंचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट आजही मिटत नाहीत. त्यांना सुई धरता येत नाही. दुसऱ्यांनी शिवलेल्या कपड्यांना त्या डाव्या हाताने इस्त्री करतात.

बाबांनी सगळ्यांसमोर ते बूच सोडवले, पाहिले आणि म्हणाले, "मी लावलं होतं." बाईंना लगेच दवाखान्यात नेले होते आणि ताप उतरेपर्यंत लोकांचे ठरून गेले होते. कोण आले होते हे त्यांना कुणी विचारले नाही, आणि माझ्यामागून बाबा येऊन बूच लावून गेले असतील असे त्यांनीही धरले. घरी मी तोंड उघडले तर बाबा म्हणाले, "गप्प बस. तुला अजून सगळा धंदा करायचाय. माझा होत आला." तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते.

त्यानंतर लोक सांगत, "लेकीला पाठवा, तुम्ही नको." बाबा माझी पिशवी घेऊन यायचे आणि फाटकाबाहेर उभे राहायचे. अडले की मी बाहेर येऊन विचारायची, ते सांगायचे, मी आत जाऊन करायची. आतले लोक म्हणायचे, पोरीचा हात चांगला आहे. घरी असले की बाबा न गळणारे नळ उघडून पुन्हा बसवायचे.

पहिले मृत्युपत्र मी आईला वाचायला दिले. पाचव्या कलमाशी ती थांबली. उठून तिने बाबांचा वॉशरचा डबा आणला आणि कागदाची एक पुडी माझ्यापुढे ठेवली. आत ते बूच होते. टेप अजून आट्यांत होती.

"तुझ्या बाबांनी जन्मात टेप लावली नाही गं," आई म्हणाली. "दोराच गुंडाळायचे."

"तू काही बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तूच बोलशील."

हे बूच शिवणबाईंचे आहे. ते हत्यारांत धरू नये.

साक्षीदार: हार्डवेअरचे दुकानदार, आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सताई. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही. आईला मिळते, म्हणून तिची सही घेतली नाही. दोघांनी माझ्यासमोर वाचले आणि सह्या केल्या.

सही: लिहून ठेवणारी.
ठिकाण: आमची पुढची खोली. रविवार, ८ फेब्रुवारी २०२६.

सहीखालची भर, साक्षीदारांसमोर: दुकानदारांनी विचारले, "पाचवं कलम बाईंना कधी वाचून दाखवायचं? तू... म्हणजे नंतरच ना?" नंतर वाचून दाखवले तर बाई जे बोलतील ते ऐकायला मी नसेन. त्यांनी अकरा वर्षे बाबांना बोल लावला, तो बाबांनी जिवंत होते तोवर फाटकाबाहेर उभे राहून ऐकला. म्हणून पाचवे कलम कुणी वाचून दाखवायचे नाही. शनिवारी मला दवाखान्यात भरती व्हायचे आहे. बाई बहिणीकडे गेल्या आहेत, बुधवारी परत येतील. बूच घेऊन मी त्यांच्या दारात जाणार आहे, एकटी, गुरुवार, १२ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजता.