व्यासपीठाच्या पायऱ्या

सत्काराचं बोलावणं पाठवलंत, पण व्यासपीठाला पायऱ्या किती ते लिहिलं नाहीत. माझ्या नातीला आता घराचा उंबरठासुद्धा भिंत धरून ओलांडावा लागतो.

मास्तर, नमस्कार.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीच्या दोन्हींत सगळा दोष तुमच्या माथी मारला होता, म्हणून फाडली. हेही पेटीत पडेल याचा भरवसा नाही.

अडथळ्यांच्या शर्यतीत पोरगी सात वर्षं पहिली आली. सुरुवातीला तुम्हीच मला समजावलंत, "आजी, घाबरू नका, पाय लागला की अडथळाच पडतो, तसाच बनवलेला असतो." मी म्हटलं, बरं आहे, माणसं काही अशी बाजूला होत नाहीत.

शेवटच्या शर्यतीच्या सकाळी तिचा फोन आला. "आजी, घोट्यात कळ येतेय गं. सर म्हणतात, इंजेक्शन घे नि पळ. नको पळू ना?"

तिला माझा एक नकार हवा होता. मी सगळ्या शेजारणी टीव्हीसमोर आणून बसवल्या होत्या. म्हटलं, "मास्तरांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. नखरे पुरेत." पोरगी जिंकली, आणि रेषेपलीकडे जी बसली ती चौघांनी उचलली तेव्हाच उठली.

माझ्या वाटणीचं लिहून झालं. आता तुमचं सांगा. हाड चिरलंय हे तुम्हाला सुईच्या आधी माहीत होतं का?

उत्तर तुम्हीच द्यायचं, स्वतःच्या हाताने. तिला विचारायचं नाही. ती तुम्हाला वाचवायला खोटं बोलेल, जशी मला वाचवायला रोज बोलते.

तिची आजी